‘अनवाणी गेन’ आणि स्मृतीचे अर्थकारण

हिरोशिमा शहरातील शाळांत शांतता-शिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या पुस्तिकेतून ‘हादाशी नो गेन’, म्हणजे मराठीत सांगावयाचे तर ‘अनवाणी गेन’, या चित्रकथेतील उतारे वगळण्याचा निर्णय तेथील शिक्षण मंडळाने घेतल्याचे फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. त्याची कारणे मोठी बोलकी होती. रस्त्यावर उभे राहून कथागीते गाणारा आणि त्यावर चार पैसे मिळविणारा मुलगा आजच्या विद्यार्थ्यांना समजणार नाही, हे एक कारण. आजारी आईच्या तोंडी काही पडावे म्हणून हाच मुलगा एका बड्या घरच्या तळ्यातला मासा चोरतो, त्यामुळे मुलांचा गैरसमज होण्याचा संभव आहे, हे दुसरे. ज्या शहरावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता जगातील पहिला अणुबाँब टाकण्यात आला आणि ज्या शहरातील सुमारे १ लाख ४० हजार माणसे त्या वर्षाअखेरपर्यंत मृत्यू पावल्याचा अंदाज आहे, त्या शहराच्या शिक्षणाधिकाऱ्यांना त्या काळाची ओळख करून देताना एका माशाची चोरी अडचणीची वाटावी, हे आश्चर्य करण्यासारखे खरेच.

परंतु प्रश्न केवळ माशाचा नाही आणि केवळ हिरोशिमाचाही नाही. समाजाची अत्यंत कटू अशी आठवण कोणी सांभाळावयाची, तिचा भार कोणी वाहावयाचा आणि ती पुढच्या पिढीच्या हाती कोणत्या मार्गाने पोहोचवावयाची, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. ‘अनवाणी गेन’ आणि तिचे कर्ते केइजी नाकाझावा यांचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहिला तर त्यातून काही बोध होण्याजोगा आहे.

चित्रकाराची घडण

नाकाझावा यांचा जन्म १४ मार्च १९३९ रोजी हिरोशिमा येथेच झाला. वडील चित्रकलेवर पोट भरणारे, नाटकाची आवड असणारे आणि युद्धाला उघड विरोध करणारे गृहस्थ होते. त्या काळच्या जपानमध्ये असा विरोध हा देशद्रोहच समजला जाई. त्यापायी त्यांना तुरुंगवासही घडला. बाँब पडला त्या सकाळी सहा वर्षांचा केइजी शाळेच्या फाटकाशी उभा होता. स्फोटाच्या केंद्रापासून हे ठिकाण सुमारे सव्वा किलोमीटर अंतरावर होते. फाटकालगतची भिंत आड आल्यामुळे तो वाचला. घरी मात्र वडील, थोरली बहीण आणि धाकटा भाऊ कोसळलेल्या घराखाली अडकले आणि आईच्या डोळ्यांदेखत आगीत जळून गेले. गरोदर असलेली आई त्याच दिवशी रस्त्याच्या कडेला प्रसूत झाली. जन्मलेली मुलगी काही महिन्यांतच दगावली.

युद्धानंतरच्या उपासमारीत वाढणाऱ्या या मुलाच्या हाती ओसामु तेझुका यांचे १९४७ सालचे ‘नवे खजिन्याचे बेट’ हे चित्रपुस्तक पडले आणि आपण चित्रकथाकार व्हावयाचे, असे त्याने ठरविले. चित्रांच्या चौकटींतून क्रमशः कथा सांगण्याच्या या प्रकाराला जपानी लोक ‘मांगा’ म्हणतात. शालेय शिक्षण संपल्यावर नाकाझावा यांनी दुकानांच्या पाट्या रंगविण्याचे काम धरले, १९६१ मध्ये टोकियोची वाट धरली आणि १९६३ पासून मुलांच्या नियतकालिकांत त्यांच्या चित्रकथा येऊ लागल्या. त्या कथा साहसाच्या आणि करमणुकीच्या होत्या. अणुबाँबचा त्यांत उल्लेखही नव्हता. याचे कारण उघड होते. ‘हिबाकुशा’ म्हणजे बाँबग्रस्त माणूस म्हटला की त्याच्याशी सोयरीक करण्यास लोक कचरत, त्याला नोकरी देण्यास कचरत. संसर्गाची खोटी भीतीही होतीच. नाकाझावा यांनी टोकियोत आपली ही ओळख झाकून ठेवली.

१९६६ मध्ये आई वारली आणि हे मौन सुटले. जपानी रिवाजाप्रमाणे दहनानंतर आप्त मृताच्या अस्थी वेचतात. नाकाझावा यांना वेचण्याजोग्या अस्थी मिळाल्या नाहीत. राखेत हाडांचे बारीक तुकडे तेवढे होते. किरणोत्साराने आईची हाडेदेखील खाऊन टाकली, अशी त्यांची धारणा झाली आणि या संतापातून त्यांनी ‘काळ्या पावसाचा मारा’ ही आपली पहिली बाँबविषयक चित्रकथा लिहिली. मोठ्या प्रकाशकांकडून ती परत आली. अखेर १९६८ मध्ये प्रौढांसाठी निघणाऱ्या एका दुय्यम दर्जाच्या चित्रकथा-नियतकालिकाने ती छापली. बाँबला तेवीस वर्षे होऊन गेली होती, तरी एका बाँबग्रस्ताला आपली हकीकत छापून आणण्यासाठी मागच्या दाराने जावे लागले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

भुकेची कथा

१९७२ मध्ये ‘शोनेन जंप’ या मुलांच्या लोकप्रिय साप्ताहिकाच्या मासिक आवृत्तीत नाकाझावा यांची ‘मी पाहिले’ ही आत्मचरित्रात्मक कथा प्रसिद्ध झाली. ती वाचून त्या साप्ताहिकाचे संपादक तादासु नागानो यांनी हाच विषय घेऊन दीर्घ मालिका लिहिण्यास त्यांना उत्तेजन दिले. त्यातून १९७३ मध्ये ‘अनवाणी गेन’ सुरू झाली.

या कथेत बाँब हा एकच विषय आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. कथा सुरू होते ती १९४५ च्या वसंतात, बाँबच्या आधी. गेन नाकाओका या मुलाचा बाप लाकडी पादत्राणांवर नक्षी रंगवून घर चालवितो. युद्धाविरुद्ध बोलल्याबद्दल शेजारीपाजारी या कुटुंबावर रोष धरतात, मुलांना छळतात, बापाच्या पोटावर पाय आणतात. या कुटुंबाच्या पाठीशी उभा राहतो तो पाक नावाचा कोरियन शेजारी. कोरिया त्या वेळी जपानच्या अमलाखाली होता आणि जपानमधील कोरियनांना माणूस म्हणून वागविले जात नव्हते. पुढे बाँब पडल्यावर हाच पाक आपल्या जखमी बापाला घेऊन उपचारासाठी जातो, तेव्हा तो कोरियन असल्यामुळे त्याला परत पाठविले जाते. जपानने सोसलेले दुःख सांगत असतानाच जपानने इतरांना दिलेले दुःख सांगण्याचे धैर्य या कथेत आहे, हे तिचे पहिले वैशिष्ट्य होय.

दुसरे वैशिष्ट्य असे की ही कथा आरंभापासून अखेरपर्यंत भुकेची कथा आहे. बाँबनंतर गेनची धडपड चालते ती तांदळासाठी. आईला अन्न मिळाले तर तिच्या अंगावर दूध येईल आणि तान्ही बहीण जगेल, हे त्याचे साधे गणित आहे. आसरा देणारे घरभाड्याची मागणी करतात. श्रीमंत घरातील एक भाजलेला चित्रकार आपल्याच माणसांना नकोसा होतो आणि त्याची शुश्रूषा करण्यासाठी घरचे लोक गेनला मजुरीने ठेवतात. ज्याला आपली माणसे हात लावीत नाहीत, त्याच्या जखमा एक उपाशी मुलगा पैशासाठी धुतो आणि मग त्या दोघांत माया उत्पन्न होते. शिधावाटप, काळाबाजार, अनाथ पोरांच्या टोळ्या, गुंडांची सत्ता, ताबेदार अमेरिकन सैन्य हे सर्व पुढे येते. युद्धकालीन अर्थव्यवस्था सर्वसामान्य घरात कशी शिरते, हे अनेक जाड ग्रंथांतून जेवढे कळत नाही तेवढे या चित्रांतून कळते. मासा चोरण्याचा तो प्रसंगही याच मालिकेतला आहे. त्याला चोरीचा धडा समजणे म्हणजे दुष्काळाच्या वर्णनात शिष्टाचाराचा अभाव शोधणे होय.

कलेच्या दृष्टीने ‘अनवाणी गेन’ निर्दोष आहे, असा दावा करण्याचे कारण नाही. रेषा जाड आहे. पात्रे सतत ओरडतात, रडतात, एकमेकांना बुकलतात. हसविण्याचे आणि रडविण्याचे प्रकार ठळक व भडक आहेत. सत्तरीच्या दशकातील मुलांच्या जपानी साप्ताहिकाची ही सर्व लक्षणे होत. परंतु त्याच लक्षणांमुळे ही कथा मुलांच्या हाती गेली, हेही विसरता येत नाही. बाप मुलांना गव्हाच्या रोपाचा दाखला देतो. थंडीत वर येणारे हे रोप पायाखाली तुडविले जाते, तरी मुळे घट्ट रोवून सरळ उभे राहते. हा दाखला दहा खंडांत वारंवार येतो. सूक्ष्म अभिरुचीच्या वाचकाला तो बाळबोध वाटेल. दहा वर्षांच्या वाचकाच्या मनात तो कायमचा घर करतो.

बाजारपेठेची मर्यादा

अर्थशास्त्राच्या दृष्टीने विचार करण्यासारखा भाग यापुढचा आहे. जपानमधील चित्रकथा-साप्ताहिके हा प्रचंड खपाचा आणि तीव्र स्पर्धेचा धंदा आहे. ‘शोनेन जंप’ने तर वाचकांकडून कार्डे मागवून प्रत्येक मालिकेची लोकप्रियता मोजण्याची पद्धत रूढ केली. वर गेलेली मालिका टिकते, खाली गेलेली बंद होते. या पद्धतीत दोष काढण्याचे प्रयोजन नाही. नाकाझावा यांची कथा लाखो मुलांपुढे मांडली ती याच बाजारपेठेने आणि एका संपादकाच्या हिमतीने. पण बाजारपेठेची साथ फार काळ मिळाली नाही. १९७४ मध्येच ‘जंप’मधील मालिका थांबली. त्या वेळी कथा जेमतेम पहिल्या टप्प्यात होती.

पुढे काय झाले? १९७५ मध्ये ‘शिमिन’ (नागरिक) या मासिकाने ती पुढे चालविली. त्यानंतर ‘बुन्का ह्योरोन’ (संस्कृती-समीक्षा) या साम्यवादी पक्षाच्या नियतकालिकाने ती हाती घेतली. शेवटी १९८२ ते १९८७ या काळात ‘क्योइकु ह्योरोन’ (शिक्षण-समीक्षा) या जपानी शिक्षक संघटनेच्या मुखपत्रात ती पूर्णत्वास गेली. पुस्तकरूपाने ती प्रथम काढली तीही साप्ताहिकाच्या बड्या मालकसंस्थेने नव्हे, तर एका लहान प्रकाशनसंस्थेने, १९७५ मध्ये. इंग्रजी भाषांतराचे कामही कोणा व्यापारी संस्थेने केले नाही. १९७६ मध्ये टोकियोत काही स्वयंसेवक त्यासाठी एकत्र आले, आणि १९७८ पासून इंग्रजी खंड निघू लागले. जपानी चित्रकथा पाश्चात्त्य वाचकांपर्यंत नेणाऱ्या अगदी आरंभीच्या भाषांतरांत या पुस्तकाची गणना होते. १९८३ मध्ये तिच्यावर अॅनिमेशन चित्रपटही निघाला.

या सर्व प्रवासाचा अर्थ काय? अर्थशास्त्रात ज्यांना सार्वजनिक वस्तू म्हणतात, त्यांचे लक्षण असे की त्यांचा लाभ सर्वांना होतो, परंतु त्यांची किंमत मोजण्यास स्वतंत्रपणे कोणी पुढे येत नाही. रस्त्यावरचा दिवा, साथीच्या रोगाचे निवारण, समुद्रातले दीपगृह ही नेहमीची उदाहरणे. सर्वनाशाची स्मृती हीदेखील अशीच एक सार्वजनिक वस्तू आहे. पुढचे युद्ध टळले तर लाभ सर्वांचा. पण आज मुलाच्या हाती तीस पानांची भीषण चित्रे देणारे साप्ताहिक आणि तीस पानांची कुस्ती किंवा बेसबॉलची कथा देणारे साप्ताहिक यांत कोणते विकत घ्यावयाचे, हे मूल आपल्या खिशातील नाण्याने ठरविते. त्या नाण्यात स्मृतीची किंमत धरलेली नसते. म्हणून अशी वस्तू बाजारात जन्मली तरी बाजारात वाढत नाही. तिला संस्था लागतात. ‘गेन’च्या बाबतीत नागरिकांची मासिके, शिक्षकांचे मुखपत्र, लहान प्रकाशक आणि मुख्यतः शाळांची ग्रंथालये या संस्था उपयोगी पडल्या. चित्रकथांना शालेय ग्रंथालयांत एरवी सहसा थारा नसे. या पुस्तकाला तो मिळाला आणि जपानच्या पुढील पिढ्यांपैकी असंख्य मुलांना अणुबाँबची पहिली ओळख त्या कपाटातच झाली.

बंदीवाचून बंदी

या पार्श्वभूमीवर मात्सुए शहरातील घटनेकडे पाहिले पाहिजे. ऑगस्ट २०१२ मध्ये तेथील नगरसभेकडे एका नागरिकाचा अर्ज आला की, ‘अनवाणी गेन’मध्ये जपानी सैनिकांच्या अत्याचारांची चित्रे आहेत, तेव्हा हे पुस्तक शाळांतून काढून टाकावे. नगरसभेने डिसेंबर २०१२ मध्ये तो अर्ज फेटाळला. येथे प्रकरण संपावयास हवे होते. परंतु त्याच महिन्यात शिक्षण मंडळाच्या कार्यालयाने आपल्या अधिकारात शहरातील प्राथमिक व माध्यमिक शाळांना सूचना दिली की, ही पुस्तके मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा बंद कपाटात ठेवावीत आणि शिक्षकाच्या परवानगीवाचून देऊ नयेत. मंडळाच्या सदस्यांना विचारण्यात आले नव्हते. त्याच महिन्यात, १९ डिसेंबर २०१२ रोजी, नाकाझावा यांचे फुप्फुसाच्या कर्करोगाने हिरोशिमा येथे निधन झाले. ऑगस्ट २०१३ मध्ये ही गोष्ट वर्तमानपत्रांतून बाहेर आली, देशभर टीका झाली आणि २६ ऑगस्ट रोजी मंडळाने सूचना मागे घेतली.

येथे कोणी पुस्तक जाळले नाही, कोणी कायदा केला नाही, कोणी लेखकाला तुरुंगात घातले नाही. नाकाझावांच्या वडिलांच्या पिढीने पाहिलेली दडपशाही ती ही नव्हे. फक्त एका कार्यालयातून एक सूचना गेली आणि पुस्तक एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेले. तेवढ्यावर आठ महिने कोणाला काही कळलेही नाही. आजच्या लोकशाही राज्यांत नको असलेल्या पुस्तकांचे असेच होते.

असे का व्हावे, याचेही उत्तर साधे आहे. तक्रार करणारा मनुष्य एकच असला तरी तो कार्यालयात येऊन बसतो, अर्ज देतो, पुन्हा पुन्हा येतो. पुस्तकाचा लाभ घेणारी मुले हजारो असली तरी ती विखुरलेली असतात, आणि आपल्याला काय मिळाले नाही हे त्यांना ठाऊकच नसते. तक्रारीचा त्रास अधिकाऱ्याला आज होतो. पुस्तक काढल्याचे नुकसान समाजाला वीस वर्षांनी होते आणि त्याचा जाब कोणी विचारीत नाही. अशा स्थितीत काळजीपूर्वक नोकरी करणारा सरळमार्गी माणूस कपाटाला कुलूप लावण्याकडेच झुकतो. तो दुष्ट असावा लागत नाही. त्याच्या ठायी केवळ सावधपणा असला की पुरे.

आक्षेप घेणाऱ्यांचे सर्वच म्हणणे टाकाऊ आहे, असे नव्हे. लोंबणाऱ्या कातडीची माणसे आणि शिरच्छेदाची दृश्ये आठ वर्षांच्या मुलाला दाखवावीत काय, असा प्रश्न पालक विचारतात, तो प्रामाणिक आहे. प्रत्यक्षात पाहिलेल्या दृश्यांच्या मानाने आपण ही चित्रे पुष्कळच सौम्य केली, असे नाकाझावा सांगत. तरीही कोणत्या वयाला काय द्यावे, याचा विवेक शिक्षकाने केलाच पाहिजे. शेवटच्या खंडांत सम्राटावर आणि जपानी सैन्यावर केलेली टीका एकांगी आहे, असेही म्हटले जाते. ती संतप्त आहे, यात शंका नाही. ज्याचा बाप आणि भावंडे जळाली त्याच्याकडून समतोल इतिहासग्रंथाची अपेक्षा कोणी करू नये. त्याची साक्ष साक्ष म्हणून घ्यावी आणि इतर साक्षींशी ताडून पाहावी. पण हे ताडून पाहण्याचे काम वर्गात व्हावयाचे असते. कपाट बंद झाले की ते कामच उरत नाही. पुस्तक वयाप्रमाणे देणे हा शिक्षकाचा अधिकार आहे. ते कोणालाच न कळता नाहीसे करणे हा कोणाचाच अधिकार नव्हे. हिरोशिमाच्या २०२३ च्या निर्णयात ‘गेन’ऐवजी बाँबग्रस्ताच्या दुसऱ्या एका हकिकतीची योजना झाली आणि पुस्तक ग्रंथालयांतून काढलेले नाही, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. तथापि मुलांना भूक समजत नाही म्हणून भुकेचा पाठ काढणे, हे शिक्षणाच्या हेतूच्या उलट आहे. जे समजत नाही तेच शिकवावयाचे असते.

साक्षीदार नसतील तेव्हा

या वादाला आज निराळी निकड आली आहे. अणुबाँबग्रस्तांच्या ‘निहोन हिदांक्यो’ या संघटनेला २०२४ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. परंतु मार्च २०२५ अखेर जपानमधील नोंदलेल्या हिबाकुशांची संख्या प्रथमच एक लाखाच्या खाली गेली आणि त्यांचे सरासरी वय ८६ वर्षांच्या पुढे होते. वर्गात येऊन आपल्या तोंडाने हकीकत सांगणारी माणसे आणखी काही वर्षांनी उरणार नाहीत. नाकाझावा यांना हे ठाऊक होते. दृष्टी अधू झाल्यामुळे २००९ मध्ये त्यांनी चित्रकथांचे काम थांबविले. तरी शाळाशाळांतून जाऊन ते बोलत राहिले आणि आपली मूळ चित्रे त्यांनी हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयाच्या स्वाधीन केली.

साक्षीदार गेल्यावर साक्ष उरते ती कागदावर. तो कागद कोणत्या कपाटात राहील, त्या कपाटाची किल्ली कोणाच्या हाती असेल आणि ती कोण कोणाच्या सांगण्यावरून फिरवील, या वरवर क्षुल्लक कारकुनी गोष्टी आहेत. परंतु राष्ट्राची स्मृती राहते किंवा बुजते ती घोषणांनी व स्मारकांनी नव्हे, तर अशाच गोष्टींनी. जेथे बाजारपेठ थांबली तेथून शिक्षकांच्या एका मुखपत्राने ‘अनवाणी गेन’ शेवटापर्यंत नेली, हा इतिहास शिक्षकी पेशाला भूषणावह आहे. त्याच पेशाच्या कार्यालयाने तिच्यावर कुलूप घातले, हाही इतिहासच आहे. यांपैकी पहिला इतिहास पुढे चालवावयाचा असेल तर कार्यालयातून आलेल्या प्रत्येक लहान सूचनेखाली सही करण्यापूर्वी, ही सूचना कोणाच्या तक्रारीवरून निघाली आणि तिच्यामुळे कोणत्या मुलाच्या हातून काय निसटणार आहे, एवढे तरी शिक्षकाने आणि कारकुनाने विचारले पाहिजे.